मुलगी हातात घेतली, पण आत काहीच हललं नाही

या वेळचं पत्र दापोली तालुक्यातून आलंय. थोडं कापून, ओळख पटेल असे तपशील काढून देते आहे.

"डॉक्टरबाई, मी हर्णैच्या बाजूचा, मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, आहे. मुलगी झाली तेव्हा मी समुद्रात होतो. रेंजमध्ये आलो तेव्हा कळलं. मग आठ-दहा दिवस बाहेर आणि दोन दिवस घरी, असंच चाललं. आता पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली, बोट आंजर्ल्याच्या खाडीत घेतली आणि घरी बसलोय. मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. खरं सांगतो, तिला बघून मला काही वाटत नाही. राग नाही, वाईटही वाटत नाही. शेजारच्यांचं मूल बघावं तसं वाटतं. हातात घेतली की सुरमईसारखी निसटते आणि रडते. आई म्हणते तुझी दाढी टोचते, आणि लगेच काढून घेते. संध्याकाळी तिचं रडं सुरू झालं की माझं डोकं फिरतं, मी बाहेर पडतो. बायको परवा म्हणाली, मुलगा असता तर असे वागला नसतात. तसं काही नाही. भाच्याने मोबाईलवर दाखवलं की बाळाचा चेहरा बघितला की सेकंदाच्या सातव्या भागात माणसाच्या मेंदूत काहीतरी पेटतं, अगदी परक्या माणसाच्यासुद्धा. मग माझ्याच मेंदूत बिघाड आहे का? इंजिन बिघडलं तर मिस्त्री बोलावता येतो. याला कोणाला बोलवू?"

तांडेलभाऊ,

मिस्त्री नको. भाच्याने दाखवलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी सांगते. त्याआधी माझी एक गोष्ट ऐका.

माझी मोठी मुलगी झाली तेव्हा मी डॉक्टर होऊन चार वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या हातात बाळं देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, हे रोज बघत होते. माझी पाळी आली. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं ते लालबुंद गाठोडं माझ्या छातीवर ठेवलं आणि खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला काय वाटलं सांगू? मला भूक लागली होती. कोणी मऊ भात आणि मेतकूट आणेल का, एवढंच डोक्यात होतं. पोरीचं नाक सासऱ्यांवर गेलंय, हेही दिसलं. त्यापलीकडे काही नाही. मी तोंडभर हसले, कारण सगळे वाट बघत होते. पुढे वीस वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही.

ब्रिटनमध्ये रॉबसन आणि कुमार या दोघांनी बाळंतिणींना नेमकं हेच विचारलं होतं आणि १९८० साली ते छापलं. बाळ पहिल्यांदा हातात आलं तेव्हा काय वाटलं? पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणी म्हणाल्या, विशेष काही नाही. बहुतेकींना आठवडाभरात माया लागली. म्हणजे नऊ महिने पोटात वागवलेल्या बायकांमध्येही दहापैकी चौघींना पहिल्या दिवशी काही होत नाही, आणि तुम्ही दहा दिवसांत दोन दिवस घरी येणारा माणूस. तेही अंगाला डिझेलचा वास, डोळ्यांवर झोप, आणि परत निघायच्या आधी बर्फ नि रेशन भरायची घाई.

आता ते सेकंदाच्या सातव्या भागाचं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००८ साली मोठ्या माणसांना अनोळखी बाळांचे आणि अनोळखी मोठ्यांचे चेहरे दाखवले आणि त्यांच्या मेंदूतल्या हालचाली मोजल्या. बाळाचा चेहरा समोर आला की साधारण १३० मिलिसेकंदांत कपाळामागचा, डोळ्यांच्या खोबणींच्या वरचा एक भाग जागा व्हायचा. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला तो तसा जागा होत नव्हता. हे इतकं झटपट होतं की त्या माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. तेव्हा तुमच्यात ते होत नाही, असं तुम्ही सांगूच शकत नाही. बहुधा होतच असेल.

पण ते झालं म्हणजे माया आली, असं थोडंच आहे? लांब पाण्यावर पक्षी घिरट्या घालताना दिसले की तुम्ही बोट तिकडे वळवता. पक्षी दिसले म्हणजे मासळी जाळ्यात आली, असं कुठला तांडेल म्हणेल? मेंदू त्या क्षणी फक्त 'तिकडे बघ' म्हणतो. पुढचं सगळं करायचं राहिलेलं असतं. आणि मेंदू हे फक्त आपल्या मुलाला बघून म्हणतो असंही नाही. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच लिहिलं होतं की मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यात खालच्या बाजूला असलेले मोठे डोळे, फुगरे गाल, बसकं नाक असा घाट दिसला की माणूस विरघळतो. मग ते पोर माणसाचं असो, वासरू असो की मांजरीचं पिल्लू. त्यासाठी त्याला जर्मनमध्ये लांबलचक जोडशब्द करावा लागला. आपल्याकडे आज्या नुसतं म्हणतात, 'बाळसं धरलंय हो पोरीने.' तेही खरंच आहे. अगदी नवजात चेहरे लोकांना तितके गोड वाटत नाहीत. पुढच्या काही महिन्यांत गाल भरले की वाटतात. तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत ती बाळसं धरायच्या आधीची, सुरकुतलेली पोर.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचं काय वाटलं, तर तुम्ही एकदाही 'ती हसली' असं लिहिलेलं नाही.

साडेतीन महिन्यांची मुलगी हसते, भरपूर हसते. सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास मूल माणसाचा चेहरा बघून हसायला लागतं. ते पहिलं हसू आलं तेव्हा तुम्ही समुद्रात होतात आणि ते तुमच्या आईला किंवा बायकोला मिळालं. आणि रडं? ते साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला जातं, बहुतेक मुलांचं संध्याकाळीच, आणि तीन-चार महिन्यांवर उतरतं. तुम्ही दोन दिवसांसाठी यायचात ते नेमके त्याच दिवसांत. आताही तुमच्या घरचं वेळापत्रक मला न बघता सांगता येईल. सकाळी न्हाऊन-माखून, दूध पिऊन मुलगी ताजीतवानी असते तेव्हा ती आजीच्या मांडीवर असते आणि तुम्ही जाळी शिवायला किंवा बंदरावर. संध्याकाळी चुलीपाशी सगळ्यांचे हात अडकतात, मुलगी किरकिरायला लागते, तेव्हा हाक येते, 'अरे, जरा धर तिला.' म्हणजे तुमच्या वाट्याला मूल येतं ते फक्त रडकं.

याचा मेंदूशी थेट संबंध आहे. ह्यूस्टनमध्ये २००८ साली पहिल्यांदा आई झालेल्या २८ बायकांना स्कॅनरमध्ये स्वतःच्या आणि परक्या बाळांचे फोटो दाखवले. काही हसरे, काही शांत, काही रडके. मेंदूत डोपामिनवर चालणारी जी केंद्रं असतात, आवडतं काही मिळालं की जी जागी होतात, त्यांतली काही फक्त स्वतःच्या बाळाच्या हसऱ्या चेहऱ्याला जागी झाली. शांत चेहऱ्याला नाही, रडक्यालाही नाही. म्हणजे सख्ख्या आईला जरी मूल रोज फक्त रडताना दाखवलं, तरी तिच्यापर्यंत त्यातलं फार थोडं पोहोचेल. तुमच्या मेंदूला अजून ते बक्षीस मिळालेलंच नाही. बिघाड कसला? इंजिनात तेल पडलेलं नाही.

रडं ऐकून डोकं फिरतं, त्याचंही कारण आहे. ऑक्सफर्डमध्येच लोकांना आधी बाळाचं रडणं ऐकवलं आणि लगेच एक खेळ खेळायला दिला. एकेक ठोकळा उजळतो, त्यावर झटक्यात हात मारायचा. मोठ्या माणसाचं रडणं किंवा पक्ष्यांचा आवाज ऐकून खेळणाऱ्यांपेक्षा बाळाचं रडणं ऐकलेल्यांचा हात चांगला चालला. रडणं ऐकून अंग कामाला उभं राहतं. आता काम काय ते ठाऊक असलं तर ठीक. ठाऊक नसलं, आणि हातातलं मूल कोणी काढून घेतलं, तर ती अंगात आलेली तयारी जाणार कुठे? ती चिडचिड होऊन बाहेर पडते. हे शेवटचं माझं निरीक्षण, प्रयोगातलं नाही. पण तीस वर्षं बाहेरच्या बाकावर बसलेले बाप बघून केलेलं आहे.

एवढ्यावरून तुम्ही म्हणाल, मग बायकांना हे जन्मजात येतं, आपल्याला नाही. इथे मला जरा भांडू द्या. १९६७ साली जे रोझेनब्लाट नावाच्या संशोधकाने उंदरांवर प्रयोग केला. कधी पिल्लं न झालेल्या माद्या आणि चक्क नरसुद्धा. त्यांच्याजवळ रोज पिल्लं ठेवली. पहिले काही दिवस त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सहा-सात दिवसांनी तेच उंदीर पिल्लांना चाटायला लागले, गोळा करून अंगाखाली घ्यायला लागले. बाळंतपण नाही, दूध नाही, नुसता सहवास. माणसांतलं बघायचं तर २०१४ साली इस्रायलमध्ये पहिल्यांदा आईबाप झालेल्या ८९ जणांचे मेंदू तपासले. त्यांत काही बाप असे होते की घरात आई नव्हतीच, मूल त्यांनीच सांभाळलेलं. मूल बघताना मेंदूतला जो भाग आयांमध्ये जास्त जागा होतो, सतत कान टवकारून बसलेला, तो या बापांमध्ये आयांइतकाच जागा होत होता. आणि सगळ्याच बापांमध्ये, मुलाचं करण्यात जितका जास्त वेळ गेलेला, तितका हा भाग आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणारा भाग यांचा आपसात सांधा पक्का. मुलाचं करणं म्हणजे मूल शेजारी ठेवून टीव्ही बघणं नव्हे. धुणं, पुसणं, भरवणं, झोपवणं.

फिलिपाईन्समध्ये सेबू नावाचा भाग आहे, तोही समुद्राकाठचा. तिथल्या ६२४ पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजलं. बाप झालेल्यांत ते जास्त उतरलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त मुलांचं करणाऱ्यांत सगळ्यांत कमी होतं. हे बंदरावर सांगू नका, उगाच थट्टा होईल. पण शरीर बापासाठीही जागा करतं, एवढं त्यातून कळतं. मात्र हातांनी काम सुरू केल्यावर.

तुमच्याकडे बंदीचे ६१ दिवस आहेत, १ जून ते ३१ जुलै. वर्षभर दुसऱ्या कुठल्या बापाला एवढी सलग सुट्टी मिळते?

न्हाणीपासून सुरुवात करा. संध्याकाळ सध्या आईकडेच राहू द्या, तुम्ही सकाळ मागून घ्या. आईला सांगा, 'मला शिकव.' 'मला दे' म्हणालात तर ती देणार नाही. 'शिकव' म्हणालात तर कदाचित देईल. खाली बसायचं, पाय लांब करायचे, मुलगी पोटऱ्यांवर आडवी. खोबरेल तेल तळहातात चोळून कोमट करायचं, मग हलक्या हाताने छाती, पोट, मांड्या. पाणी आधी तुमच्या कोपराला लावून बघा. तुमच्या तळहातांना दोरखंडाचे घट्टे पडलेत, त्यांना ऊन पाणी कळणार नाही. पाणी डोक्यावरून ओतताना तुमची आई कपाळावर आडवा हात कसा धरते, ते नीट बघून घ्या. नाकातोंडात थेंब जात नाही. मी एवढं शिकूनही मला ते माझ्या सासूबाईंकडूनच शिकावं लागलं. (धुरी मात्र घालू नका. धूर तान्ह्या छातीला वाईट, यावर मी वीस वर्षं आज्यांशी भांडते आहे आणि बहुतेक हरते आहे.)

पहिले चार-पाच दिवस ती रडेल. तुम्ही 'सुरमईसारखी निसटते' लिहिलंत त्यावरून कळलं, तुम्ही तिला अंगापासून लांब, ताठ हातांवर धरता. मान आणि ढुंगण दोन्हीला आधार द्या आणि छातीशी घ्या. तुम्ही परके म्हणून ती रडते असं नाही. अनोळखी माणसाला भिऊन रडणं पुढे, आठव्या महिन्याच्या आसपास येतं. आत्ता तिला फक्त हात नवा आहे.

न्हाऊन, दूध पिऊन झालं की पंधरा मिनिटं तिला समोर मांडीवर घ्या, चेहरा हातभर अंतरावर. काय बोलायचं सुचत नसेल तर समुद्रातलं सांगा. कोलंबी कुठे लागली, कोणाचं जाळं फाटलं, कुठल्या दिवशी उधाण होतं. तिला भाव कळतो, भाषा नाही. ती 'आं' म्हणाली की थांबायचं, तुम्ही 'आं' म्हणायचं. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा १९७८ साली छापलेला प्रयोग आहे. आई बाळाशी हसतखेळत असते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा करून नुसती बघत बसते. बाळ आधी हसून बघतं, मग हात हलवतं, आवाज काढतं, सगळे उपाय करून बघतं. शेवटी मान फिरवतं. रीळ बघत बसलेल्या माणसाचा चेहरा तसाच कोरा असतो. पोर तुमच्याकडे बघून हसलीही असेल हो, तुम्ही खाली बघत होतात.

दोन गोष्टी आता कडकपणे सांगते. डोकं फिरलं की तुम्ही बाहेर पडता, ते बरोबर करता. मूल पाठीवर, जमिनीवरच्या गादीवर ठेवायचं, आजूबाजूला उशी-गोधडी नको, घरातल्या कोणाला तरी सांगायचं आणि अंगणात दहा मिनिटं फिरून यायचं. रागात मूल गदागदा हलवणं, एकदाही नाही. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो, मूल जातं किंवा जन्माचं अधू होतं. दुसरं, बंदीत संध्याकाळी बसणं होतं, मला माहीत आहे. ज्या रात्री दारू घेतली असेल त्या रात्री मुलीला कुशीत घेऊन झोपायचं नाही.

आता बायकोचं. तुम्ही लिहिलंत, तसं काही नाही. मी विश्वास ठेवते. पण तिने का ठेवावा? ती बाळंत झाली तेव्हा तुम्ही नव्हतात, आल्यावर मूल घेतलं नाहीत, आणि आपल्याकडे मुलगी झाल्यावर घरात काय काय बोललं जातं ते तिने जन्मभर ऐकलं असणार. कारण माहीत नसलं की माणूस जवळचं कारण उचलतो. तुम्ही मला जे लिहिलंत, शेजारच्यांच्या मुलासारखं वाटतं, ते तिला सांगा. ऐकायला वाईट आहे, पण 'मुलगा हवा होता'पेक्षा खूप बरं आहे. आणि तिलाही विचारा, तुला कसं वाटतं. ती सारखी रडत असेल, मूल झोपलेलं असूनही तिला झोप येत नसेल, आपण याला सांभाळू शकत नाही असं म्हणत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर दवाखान्यात न्या. हेच तुम्हालाही लागू. मुलगीच नव्हे, तर कशातच मन लागत नाही, जेवण, मित्र, बोट, काहीच नकोसं झालंय, असं असेल तर प्रश्न वेगळा आहे, आणि तो बापांनाही होतो. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. रत्नागिरीचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांना मनोरुग्णालयाचा विनोद सुचतो. तो करणाऱ्यांना करू द्या.

पण तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. ज्याला काहीच वाटत नाही तो माणूस चार पानं पत्र लिहीत नाही.

बंदी उठली की तुम्ही जाल. आठ-दहा दिवसांनी परत याल तेव्हा ती तुमच्याकडे अशी बघेल की हा कोण. एक-दोन दिवस तसं चालेल. तेवढ्यात आईकडे देऊन मोकळे होऊ नका. अंघोळ करून डिझेलचा वास घालवा, पाय लांब करून बसा, आणि तेलाच्या वाटीपासून परत सुरू करा.

आणि दाढीचं तुमची आई म्हणते ते खरं आहे. या वयात गालाची कातडी फार नाजूक असते. उद्या सकाळी न्हाणीच्या आधी करून टाका.